जेनला फोन करा: शिकागोच्या त्या बायकांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एकीने विचारलं होतं की अबॉर्शन बेकायदा असायचं तेव्हा बायका जायच्या तरी कुठे, आणि उत्तर देताना मी जाता जाता अमेरिकेतल्या शिकागोच्या ‘जेन’चं, म्हणजे अबॉर्शनसाठी गुपचूप मदत करणाऱ्या बायकांच्या ग्रुपचं, नाव घेतलं. चारच ओळी होत्या. झालं, या महिन्याच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त त्या चार ओळींवरच आलीत, काही कौतुकाची, दोन-तीन तर मला चांगलंच झापणारी. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त जेन घेते. ज्यांनी केसगळतीबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर धीर धरा, केस काही पळून जात नाहीत (म्हणजे जातात, पण तुम्ही धीर धरा).

ताई, ही जेन नक्की कोण होती? डॉक्टर होती का? नेटवर शोधलं तर दर ठिकाणी वेगळंच नाव येतं, पार कन्फ्युज झालेय मी. — टीवाय बीएची विद्यार्थिनी

अगं, जेन नावाची बाई नव्हतीच! त्या अख्ख्या ग्रुपमध्ये एकीचंही नाव जेन नव्हतं आणि म्हणूनच ते नाव घेतलेलं. तिकडे अगदी साधं, कुणाचंही असू शकेल असं नाव, फोनवर कुणी ऐकलं तरी कान टवकारणार नाहीत.

सुरुवात झाली १९६५ मध्ये. हेदर बूथ नावाची मुलगी शिकागो युनिव्हर्सिटीत शिकत होती, वय वर्षं एकोणीस. आदल्याच उन्हाळ्यात ती मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी काम करून आली होती, तर चळवळीतली मुलगी म्हणून एका मित्राने तिला सांगितलं की माझ्या बहिणीला दिवस गेलेत आणि ती जीव द्यायच्या गोष्टी करतेय, काही होईल का. हिला तरी काय माहीत असणार? पण मिसिसिपीत चळवळीबरोबर काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसचा एक ग्रुप होता, तिथे तिने चौकशी केली आणि डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड हे नाव मिळालं. हे हॉवर्ड म्हणजे साधी असामी नाही बरं का. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी मारलं, तेव्हा साक्षीदार शोधण्यापासून त्यांना लपवून ठेवण्यापर्यंत सगळ्यात पुढे असलेले हे डॉक्टर, आणि मग जिवावर बेतायला लागलं म्हणून गाव सोडून शिकागोला आलेले. त्यांनी त्या मुलीचं काम करून दिलं.

हेदरला वाटलं झालं, संपलं. पण अशी गोष्ट कधी संपते का, एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि हिच्या हॉस्टेलच्या फोनवर अनोळखी मुली ‘जेन आहे का’ विचारायला लागल्या. कायद्याच्या भाषेत अशी सोय लावून देणं हा सुद्धा कट, म्हणजे नुसतं फोनवर बोलूनही तुम्ही गुन्हेगार. तीन वर्षं तिने असं जवळजवळ एकटीने रेटलं, मग लग्न, मूल, अभ्यास, चळवळ हे सगळं एकदम झेपेना म्हणून तिने काही बायकांना जमवून काम सोपवलं. १९६९ पासून तो व्यवस्थित ग्रुप झाला. कागदावरचं नाव लांबलचक, ‘ॲबॉर्शन कौन्सेलिंग सर्व्हिस ऑफ विमेन्स लिबरेशन’. कोण म्हणणार ते, सगळे जेनच म्हणायचे.

राग मानू नका पण स्पष्ट लिहिते. आधी काळजी घ्यायची नाही आणि मग असले चोरटे उद्योग करायचे, आणि तुम्ही त्याचं कौतुक करता? तिकडे तर सगळं मिळत होतं ना, गोळ्या, डॉक्टर, हॉस्पिटलं. — तुमची जुनी वाचक

राग कसला काकू, इतकी वर्षं वाचताय म्हणून तर हक्काने लिहिलंत. पण ‘सगळं मिळत होतं’ हे काही खरं नाही हो. गोळी १९६० मध्ये आली हे बरोबर, पण नवरा-बायकोने गर्भनिरोधक वापरणं हा त्यांचा खासगी हक्क आहे हे तिथल्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं १९६५ मध्ये, आणि लग्न न झालेल्यांनाही तोच हक्क आहे हे कधी सांगितलं माहितीये? २२ मार्च १९७२. म्हणजे जेनचं काम जवळजवळ संपत आलं तेव्हा. त्याआधी कितीतरी ठिकाणी डॉक्टर आधी बोटातली अंगठी बघायचे आणि मग प्रिस्क्रिप्शन लिहायचे.

आणि जेनकडे येणाऱ्या म्हणजे सगळ्या कॉलेजच्या मुली असंही नव्हतं. लग्न झालेल्या, दोन-तीन पोरं असलेल्या बायका भरपूर यायच्या. गोळी घेऊनही राहिलेल्या, नवऱ्याने जबरदस्ती केलेल्या, आणि हो, हलगर्जीपणा केलेल्याही असतील, नाही कोण म्हणतंय. पण हलगर्जीपणाची शिक्षा फक्त एकालाच आणि तीही जिवावर बेतणारी, हे काही मला पटत नाही.

हॉस्पिटलचं म्हणाल तर इलिनॉय राज्याच्या कायद्यात एकच फट होती, बाईचा जीव वाचवायचा असेल तर. ते ठरवणार कोण? डॉक्टर मंडळी. ग्रुपमध्ये पुढे जिने सगळ्यात मोठी जबाबदारी उचलली त्या बाईला स्वतःला कॅन्सर होता, त्यात दिवस गेले, आणि एवढं असूनही तिला मानसोपचारवाल्यांपुढे बसून ‘मला हे मूल ठेवावं लागलं तर मी जीव देईन’ असं म्हणावं लागलं, तेव्हा कुठे परवानगी. कॅन्सर पुरेसा नव्हता, वेडी ठरावी लागली. ती बाहेर आली ती हाच विचार करत की मी शिकलेली, बोलता येणारी, माझी ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल.

बाकीच्यांचं काय व्हायचं ते शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये दिसायचं. तिथे एक अख्खा वॉर्डच होता, घरी किंवा कुठल्यातरी खोलीत काहीबाही करून घेऊन इन्फेक्शन झालेल्या बायकांचा. काय काय करून यायच्या ते मी इथे लिहीत नाही. कायदा बदलल्यावर तो वॉर्ड बंद झाला, पेशंटच येईनात म्हणून. काकू, मला वादात जिंकायचं असतं तर मी एवढंच वाक्य लिहून थांबले असते.

प्रॅक्टिकली हे चालायचं कसं? म्हणजे फोन कोण उचलायचं, पत्ता कसा कळायचा, कुणी फसवलं तर? — आयटीत काम करणारी, प्रोसेसची आवड असलेली

वा, हा प्रश्न मला फार आवडला, कारण खरी जेन म्हणजे हीच प्रोसेस.

चळवळीतल्या छोट्या पेपरांत, भिंतींवर, नोटीस बोर्डवर छोटीशी जाहिरात असायची, साधारण अशी की दिवस गेलेत? नको आहे? जेनला फोन करा. खाली नंबर. फोन केला की पलीकडे मशीन, तेव्हाचं ते टेपवालं, आणि मशीनवर बाईचा आवाज की नाव, नंबर आणि शेवटची पाळी कधी आली ते सांगा, आम्ही उलट फोन करू. मग एकजण टेप ऐकून सगळ्यांना परत फोन करायची, तिला म्हणायचे ‘कॉलबॅक जेन’. आणि कुणाला कोणत्या दिवशी कुठे पाठवायचं ही सगळी जुळवाजुळव करणारी ती ‘बिग जेन’. सॉफ्टवेअर नाही, एक्सेल नाही, सगळं कार्डांवर.

त्या कार्डांबद्दल जरा सांगते कारण पुढे ती परत येणार आहेत. तीन इंच बाय पाच इंचाची, लायब्ररीत असायची तसली. त्यावर नाव, वय, फोन, पाळीची तारीख, किती आठवडे, मुलं किती, कसली ॲलर्जी, आधीचं काही दुखणं, आणि पैसे किती देऊ शकेल. मीटिंगमध्ये बायका गोल करून बसायच्या आणि कार्डांचा गठ्ठा हातोहात फिरायचा, ज्यांना जी झेपेल ती त्यांनी उचलायची. सोपी कार्डं पटकन जायची. पंधरा वर्षांची मुलगी, घरी माहीत नाही, किंवा दिवस बरेच वर गेलेत असली कार्डं गोलात फिरून तशीच परत यायची, आणि मग पुन्हा फिरवायची, कुणीतरी उसासा टाकून उचलेपर्यंत. मला हे दृश्य जेनच्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात खरं वाटतं. शूरवीर बिरवीर नाही, दमलेल्या बायका, मांडीवर कार्डं, आणि मनात हिशोब की हा आठवडा मला हे जमेल का.

जिने कार्ड उचललं ती कौन्सेलर. ती त्या बाईला स्वतःच्या घरी बोलवायची, सोफ्यावर बसवून सगळं सांगायची की काय करणार, कशाने करणार, कुठे दुखेल, किती वेळ लागेल, नंतर किती रक्त जाणं नॉर्मल आणि किती झालं तर हॉस्पिटल गाठायचं, तिथे डॉक्टरने दरडावलं तर काय बोलायचं आणि काय नाही. नको वाटत असेल तर उठून जा, असंही सांगायच्या. मग ठरलेल्या दिवशी पहिला पत्ता, त्याला म्हणायचे ‘फ्रंट’. कुणाचातरी फ्लॅट, तिथे नवरे, मैत्रिणी, आया, पोरंसोरं सगळी बसलेली, चहा, खाणं. तिथून ग्रुपमधलीच एकजण चार-पाच जणींना गाडीतून दुसऱ्या फ्लॅटवर न्यायची, ते ‘प्लेस’. काम तिथे. झालं की परत फ्रंटवर. ज्याला फ्रंटचा पत्ता माहीत त्याला प्लेसचा माहीत नाही, आणि फ्लॅट सारखे बदलायचे, कारण ते ओळखीपाळखीच्यांनी दिवसापुरते दिलेले असायचे.

नंतर आठवडाभराने फोन करून चौकशी. बहुतेक ग्रुपच्या बायका ड्रायव्हिंग, फोन, पोरं सांभाळणं, चादरी धुणं यातच होत्या आणि हे काम दिसत नाही म्हणून सिनेमात कधी नीट येत नाही.

मी वीस वर्षं स्टाफ नर्स आहे. ट्रेनिंग नसलेल्या बायकांनी क्युरेटिंग करायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? हा भोंदूपणा नाही का? गर्भाशयाला भोक पडलं तर? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. — एक सिस्टर

सिस्टर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे, आणि आज कुणी हे घरी करून बघायचा विचार करत असेल तर तिने आधी तुमचं पत्र वाचावं, मग माझं उत्तर.

पण तिथे कसं घडत गेलं ते ऐका. सुरुवातीला ग्रुप फक्त बायकांना ‘डॉक्टर’पर्यंत पोचवायचा. त्यातला एक, ज्याला सगळे माइक म्हणायचे, त्याचा हात चांगला होता, पण अटी विचित्र. बाईच्या डोळ्याला पट्टी, ग्रुपमधलं कुणी खोलीत नाही, आणि पाचशे-सहाशे डॉलर, रोख. तेव्हाचं तीन-चार महिन्यांचं घरभाडं झालं ते. ग्रुपमधल्या बायका भांडभांडून एकेक अट मोडत गेल्या. आधी किंमत खाली आणली, आम्ही तुला एवढ्या बायका देतो तर भाव कमी कर, अगदी घासाघीस. मग ‘आमच्यातली एक आत बसणार, हात धरायला’. मग ती आत बसलेली हत्यारं हातात देऊ लागली, इंजेक्शन देऊ लागली, आणि बघता बघता शिकू लागली.

आणि मग १९७१ च्या सुमारास मीटिंगमध्ये फुटलं की माइक डॉक्टर नाहीच. कधीच नव्हता. त्याला कुणीतरी शिकवलं होतं, बस.

सिस्टर, त्या मीटिंगमध्ये तुम्ही जे लिहिलंय तेच शब्द निघाले असणार. आपण शेकडो बायकांना डोळ्यात बघून ‘डॉक्टर चांगले आहेत’ म्हणून सांगितलं! काहीजणी तिथल्या तिथे ग्रुप सोडून गेल्या. त्याहून वाईट काय, तर आतल्या दोन-चार जणींना हे आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी बाकीच्यांना सांगितलं नव्हतं. जो ग्रुप येणाऱ्या बाईला एकूणएक गोष्ट सांगायचा, काहीही लपवायचं नाही हेच ज्यांचं ब्रीद, त्या ग्रुपने स्वतःच्याच मेंबरांपासून सगळ्यात मोठी गोष्ट लपवली. जेनचं कौतुक करणारे लोक इथे पटकन पान उलटतात. मला वाटतं इथे थांबायला हवं. गुप्तपणे काम करायचं म्हटलं की कुणाला किती सांगायचं हे ठरवणाऱ्या दोन-चार जणी तयार होतातच, आणि मग त्यांना त्याची सवय लागते.

पण ज्या राहिल्या त्यांनी दुसरा विचार केला. तो डॉक्टर नसून करू शकतो तर आपणही शिकू शकतो, आणि आपण केलं तर सहाशे डॉलर कशाला लागतील? त्या शिकल्या. पुस्तक वाचून एका रात्रीत नाही, महिनोन्महिने शेजारी उभं राहून, आधी साधं काम, मग अवघड. मग किंमत झाली शंभर डॉलर, आणि ‘नसतील तर जे असतील ते’, म्हणजे सरासरी पन्नासच्या आसपास पडायचे. गर्दीच्या दिवशी तीस-तीस बायका. एकूण अंदाज सांगतात तो अकरा हजारांचा.

भोक पडलं तर, हा तुमचा प्रश्न. कॉम्प्लिकेशन झाली, बायकांना हॉस्पिटलात पाठवावं लागलं, काहीजणींची पिशवीही काढावी लागली, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. एक मृत्यूही आहे, ती बाई आधीच दुसरीकडे काहीतरी करून इन्फेक्शन घेऊन आली होती, यांनी हात न लावता तिला हॉस्पिटल गाठायला सांगितलं, ती वाचली नाही. ग्रुप त्यानंतर पार हादरला होता. तरी एवढ्या संख्येला हा रेकॉर्ड त्या काळाच्या मानाने चांगला मानतात, आणि त्याचं कारण मला वाटतं हाताचं कौशल्य जितकं तितकंच ते सोफ्यावरचं बोलणं. बाईला आधी सगळं माहीत असेल तर ती घाबरून अंग आखडत नाही, आणि नंतर ताप आला तर लपवत न बसता फोन करते. हे तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल.

भोंदू म्हणजे जो न येणारी गोष्ट येते म्हणून सांगतो. माइक या अर्थाने भोंदू होता, हात कितीही चांगला असला तरी. या बायका नंतर येणारीला स्पष्ट सांगायच्या की आम्ही डॉक्टर नाही. तुम्हाला हा फरक पुरेसा वाटणार नाही कदाचित, आणि तुमच्या जागी मी असते तर मलाही वाटला नसता.

पोलिसांना चार वर्षं काहीच कळलं नाही? शिकागोचे पोलीस एवढे भोळे? — निवृत्त, पण चौकस

कळलं होतं हो काका, चांगलंच कळलं होतं. पोलिसांच्या घरच्या बायकाही जेनकडे येऊन गेल्या होत्या, मग कोण कुणाला धरणार. बायका मरत नाहीत, बोभाटा नाही, तोवर डोळेझाक.

पण ३ मे १९७२ ला धाड पडली. एका बाईच्या नात्यातल्यांनीच तक्रार केली होती, त्यांना हे पाप वाटत होतं. साउथ शोर भागातल्या फ्लॅटवर खून विभागाचे धिप्पाड डिटेक्टिव्ह आत घुसले आणि पहिला प्रश्न, ‘डॉक्टर कुठेय?’ खोल्या तपासल्या, पुन्हा तेच, तो माणूस कुठेय. समोर सगळ्या बायकाच उभ्या, त्यातल्याच काहीजणी ‘डॉक्टर’, पण त्यांच्या डोक्यात ते शिरेचना! ज्यांना काम करताना पकडलं त्यांनाच विचारतायत की काम कोण करतं.

आता ती कार्डं. एकीच्या पर्समध्ये त्या दिवशीच्या बायकांची कार्डं होती, नाव, फोन, सगळं. पोलिसांच्या गाडीत बसवल्यावर त्यांनी कार्डं काढली, नाव-पत्त्याचा भाग फाडला, आणि खाल्ला. चावून गिळला. एकमेकींत वाटून. जाड पुठ्ठ्याचं कार्ड चावून बघा कधी, घसा कोरडा पडलेला असताना. का, तर त्या बायकांची नावं पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून.

त्या दिवशी पकडलेल्या सात जणींपैकी एकीचं बाळ अंगावर पीत होतं, कोठडीत तिला बेसिनमध्ये दूध पिळून टाकावं लागलं, तिला त्याच रात्री सोडवून आणलं. आरोप लागले अकरा, सगळे मिळून जास्तीत जास्त शिक्षा एकशेदहा वर्षं. त्यांची वकील जो-ॲन वुल्फसन, तिने डोकं असं लावलं की केस लांबवायची, तारखांवर तारखा, कारण सुप्रीम कोर्टात टेक्सासच्या अबॉर्शनबंदीविरुद्धची केस, रो विरुद्ध वेड, चालू होती आणि निकाल कधीही लागला असता. तो लागला २२ जानेवारी १९७३ ला, सात विरुद्ध दोन, अबॉर्शनच्या हक्काच्या बाजूने. मार्चमध्ये आरोप मागे. आणि मधल्या काळात? धाडीनंतर थोडे दिवस थांबून बाकीच्यांनी काम परत सुरू केलं होतं. कार्डं परत फिरू लागली.

ग्रुपमधल्या बायका कोण होत्या आणि येणाऱ्या कोण? मला वाटतं हा प्रश्न कुणी विचारणार नाही म्हणून मी विचारते. — एक कार्यकर्ती

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. ग्रुपमध्ये बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गातल्या, शिकलेल्या, बऱ्याचजणी पोरंबाळं असलेल्या. येणाऱ्याही सुरुवातीला तशाच होत्या. पण जुलै १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये अबॉर्शन कायदेशीर झालं, आणि मग ज्यांच्याकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या तिकडे जायला लागल्या. जेनकडे उरल्या त्या तिकीट न परवडणाऱ्या, शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या गरीब, त्यात काळ्या बायका खूप. म्हणजे टेबलावर झोपलेली काळी आणि पायाशी उभी गोरी, असं चित्र व्हायला लागलं. ग्रुपमध्ये काळ्या बायका अगदीच मोजक्या आल्या. हे त्यांना दिसत होतं, खुपतही होतं, पण सुटलं नाही. ग्रुपचं पहिलं काम करून देणारा डॉक्टर काळा होता आणि मिसिसिपीतून जीव मुठीत घेऊन आलेला, हे आठवलं की जास्तच खुपतं.

आणि हा निकाल लागल्यावर जेन बंद झाली १९७३ मध्येच, तेव्हा वाटलं गरिबांचाही प्रश्न सुटला. तीन वर्षांत, १९७६ मध्ये, गरिबांच्या सरकारी विम्यातून अबॉर्शनला केंद्राचा पैसा द्यायचा नाही असा नियम आला. आणणारा खासदार हेन्री हाइड, इलिनॉयचाच.

फक्त शिकागोतच असं होतं का? — नाव नको

छे. सॅन फ्रान्सिस्कोत पॅट मॅगिनिस ही बाई १९६६ मध्ये भर रस्त्यात पत्रकं वाटत होती, सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या डॉक्टरांची यादी ठेवत होती आणि परत आलेल्या बायकांकडून त्या डॉक्टरांची खबर घेऊन यादी सुधारत होती. न्यूयॉर्कमध्ये १९६७ ला एकवीस पाद्री आणि रब्बाय यांनी उघडपणे सांगितलं की आमच्याकडे या, आम्ही चांगल्या डॉक्टरकडे पाठवतो. हो, धर्मगुरू! पोलीस त्यांना हात लावायला कचरायचे.

आणि लॉस एंजेलिसची कॅरोल डाउनर. तिच्या क्लिनिकवर १९७२ मध्ये धाड पडली आणि खटला कशाबद्दल, तर बाईच्या यीस्ट इन्फेक्शनवर दही लावलं, म्हणजे डॉक्टरकीचं लायसन्स नसताना उपचार केले! दह्यावरून खटला. ज्युरीने निर्दोष सोडलं.

आपल्याकडे तेव्हा काय परिस्थिती होती? — बरीच पत्रं, एकत्र

यावर वेगळं लिहायला हवं, इथे फक्त एक तारीख सांगते. आपला एमटीपी कायदा, म्हणजे गर्भपाताचा कायदा, १९७१ मध्ये संसदेत पास झाला आणि लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. शिकागोची धाड ३ मे ची. महिनाभराचं अंतर. कायद्याने दिलं म्हणजे प्रत्येकीला मिळालं असं नाही, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता अमेरिकेत तो निकालच रद्द झाला ना? मग जेन परत सुरू झाली का? — टीवायवालीची मैत्रीण (ती लाजते, म्हणून मी विचारते)

लाजायचं काय त्यात, दोघीही विचारा. हो, २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रो रद्द केला, आणि आता प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आता गोळ्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत होतं, त्यामुळे त्या काळासारखे फ्लॅट आणि हत्यारं हे चित्र राहिलेलं नाही, डोकेदुखी आहे ती पोस्ट, अंतर आणि पैशाची. टेप मशीनच्या जागी फोनवरचे मेसेज आलेत, आणि त्यातली गंमत बघ, कार्ड चावून गिळता यायचं, मेसेज गिळता येत नाही.

आणि इलिनॉयमध्ये मात्र अबॉर्शन कायदेशीरच आहे. ज्या राज्यात त्या सात जणींना एकशेदहा वर्षांची भीती दाखवली तिथेच आता शेजारच्या राज्यांतल्या बायका गाड्या घेऊन येतात. राज्याच्या दक्षिण भागात कार्बनडेल नावाचं गाव आहे, टेनेसी आणि केंटकीहून यायला जवळ पडतं, तिथे २०२२ नंतर या कामाची क्लिनिकं उघडली. त्यातलं एक टेनेसीतल्या मेम्फिसच्या क्लिनिकवाल्यांनीच काढलेलं, तिकडे बंदी आली म्हणून.